एक घर वगळून

एकांड्यानं त्या दिवसाची पहिली शिवी हासडली ती बागवाल्याच्या गड्याला. गडी विहिरीच्या काठावर ओणवा होऊन टेप लावत होता. टेपचं दुसरं टोक धरून खुद्द बागवाला उभा होता. पायात बूट, अंगात इस्त्रीचा शर्ट आणि तोंडावर असं हसू की जणू जेवायलाच बोलावलंय.

"ए, उचल तो टेप!" खोपटातून बाहेर येत एकांडा ओरडला. "जित्या माणसाच्या विहिरीचं माप काढतोस होय रे? मेलो नाही मी अजून!"

गड्यानं टेप सोडून दिला. तो सर्रकन गुंडाळला जाऊन बागवाल्याच्या मुठीत बसला.

"काका, रागावू नका," बागवाला म्हणाला. "फाटकाला लोखंड किती लागेल ते बघत होतो."

"कसलं फाटक?"

"विहिरीला. आज ना उद्या लागणारच."

आणि मग त्यानं लहान पोराला समजावावं तसं सगळं सांगितलं. "तुमच्या मागं कोण आहे सांगा? बायको नाही, पोर नाही, भाऊबंद नाही. शंभर वर्षं जगा तुम्ही, मी काही वाईट चिंतत नाही. पण त्यानंतर? बेवारशी जमीन सरकारजमा होते. सरकार काय इथं येऊन पोहरा ओढत बसणार? लिलाव काढणार. आणि लिलावात बोली लावायची ऐपत या गावात कुणाची, ते तुम्हीच सांगा."

बागवाल्याचं हेच वाईट होतं, तो खोटं बोलत नसे. खोटं बोलणाऱ्याला निदान शिव्या तरी घालता येतात.

"आणि हे लोक?" एकांड्यानं काठावर रांगेत मांडलेल्या घागरींकडे हात केला. "हे काय पिणार?"

"माझी झाडं पिऊन उरलं तर देईन की," बागवाला म्हणाला. "माणुसकी आहे माझ्याकडे."

एकांडा म्हणजे त्या गावचं एक कोडंच होतं. लग्न केलं नाही. का केलं नाही, तर कुणी विचारायला आलं नाही, आणि हा कुणाकडे गेला नाही. आईबाप गेले, त्यानंतर त्याच्या घरात दुसऱ्या माणसाचा आवाज घुमला नाही. पण बापानं आणि त्यानं मिळून खणलेली विहीर अशी, की सगळीकडचे झरे आटले तरी तिचा आटत नसे. नदीत अर्धं वर्ष वाळू. गावातल्या बाकीच्या विहिरी एक तर कोरड्या, नाहीतर मचूळ. बागवाल्याची स्वतःची एक होती, पण ती सगळी त्याच्या फळझाडांच्या मुळाशी जायची. म्हणून अख्खं गाव एकांड्याच्या काठावर. तो पाणी कुणाला नाही म्हणायचा नाही, आणि शिवी दिल्याशिवाय भरूही द्यायचा नाही. दोर काठाला घासला, शिवी. पोहरा आपटला, शिवी. सांडलं तर आईबापांसकट शिवी. पाणी गोड, मालक कडू, असं बायका म्हणायच्या, आणि त्याला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायच्या. त्याच्याशी मैत्री करायचं धाडस मात्र कुणी केलं नाही. कोण उगाच विस्तवाशी खेळतो?

टेपचा प्रकार झाला आणि त्या दिवशी एकांड्यानं कुणालाही शिवी दिली नाही. बायकांना वाटलं, म्हातारा आजारी पडला.

दुसऱ्या दिवशी तो बसनं तालुक्याला गेला. वकिलाचं ऑफिस एका औषधाच्या दुकानावर होतं. जिना अरुंद, वर पंखा, पंख्याखाली वकील आणि कोपऱ्यात एक कारकून. वकील तरुण होता, बोलायला बरा होता. एकांड्यानं आपलं म्हणणं दोन वाक्यांत मांडलं. विहीर कुणा एकाची होऊ द्यायची नाही. गावच्या प्रत्येक घराला पाणी भरायचा हक्क, आणि कुलूप कुणी लावायचं नाही.

"गावच्या कमिटीच्या नावावर करून टाका ना," वकील म्हणाला.

"कमिटीचा मुख्य बागवाल्याचा मेहुणा आहे."

"बरं. मग मृत्युपत्र करू. सोपं आहे. फक्त दोन साक्षीदार लागतात. एक हा माझा कारकून होईल. दुसरा मात्र तुम्हाला चांगला ओळखणारा हवा. उद्या कुणी भांडायला उठलं, तर कोर्टात उभं राहून सांगायला हवं, की होय, हा माणूस शुद्धीत होता, मी याला ओळखतो. नातेवाईक कोण?"

"कुणी नाही."

"मित्र?"

"नाही."

"कुणाकडे उठणंबसणं?"

"माझ्या माझ्याकडेच."

वकिलानं पेन खाली ठेवलं. "दुसऱ्या गावचं कुणी? पोस्टमन?"

"मला कधी पत्रच आलं नाही. तो कशाला ओळखेल?"

"अहो, मग गावातलंच कुणीतरी आणा. एवढी माणसं पाणी भरतात. पण एक लक्षात ठेवा. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं, त्यानं साक्षीदार व्हायचं नसतं. झालाच, तर त्याला त्यातलं काही घेता येत नाही. त्यालाही नाही आणि त्याच्या घरच्यांनाही नाही."

एकांड्यानं पंख्याकडे बघत हिशेब केला. "म्हणजे सगळ्यांना दिलं की साक्षीला कुणी उरत नाही?"

"उरतं ना. एक घर वगळायचं," वकील म्हणाला. त्याला काय, त्याच्या घरी नळ होता.

परत आल्यावर एकांड्यानं संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी काठावर उभं राहून सांगून टाकलं. "ऐका गं सगळ्या. आणि बाप्यांनो, तुम्हीही ऐका. मी मेलो की ही विहीर तुमची. गावातल्या प्रत्येक घराची. फाटक नाही, कुलूप नाही, विक्री नाही. तसा कागद करतोय मी."

शिवी न देता एकांडा एवढं बोलला, याचाच लोकांना धसका बसला. मग एक म्हातारी डोळ्याला पदर लावून म्हणाली, "देव तुला औक्ष देवो रे बाबा," आणि एकच गलका झाला. कुणी काका म्हणालं, कुणी दादा, आणि ज्या माणसानं त्याच्याशी आयुष्यात एक शब्द काढला नव्हता तो मामा म्हणाला. दोन दिवस एकांड्याच्या घरी चूल पेटली नाही, इतकी ताटं आली. तो जेवायचा आणि पुटपुटायचा, "मरायचं नाव काढल्यावर माणूस जगात येतो, कमाल आहे."

तिसऱ्या दिवशी त्यानं साक्षीदाराचं काढलं.

"त्यात काय एवढं!" गिरणीवाला छाती पुढं काढून म्हणाला. "मी करतो सही."

"मग तुझ्या घराला पाणी नाही."

गिरणीवाल्याची छाती जागच्या जागी बसली. "तसं नव्हे काका, मी एकटा असतो तर डोळे झाकून दिली असती. पण घरात नऊ तोंडं. कुणाकुणाला उत्तर देऊ?"

दुकानदार म्हणाला, सहीच काय, अख्खा हात तोडून देतो, पण सही तेवढी नको. शाळेचे मास्तर म्हणाले, विचार म्हणून त्यांना हे पूर्ण पटतं, आणि पटल्याचं त्यांनी अर्धा तास सांगितलं. डोळ्याला पदर लावणारी म्हातारी म्हणाली, "मला काय, माझी लाकडं गेलीत मसणात. मी देते सही." तेवढ्यात तिची सून घागर टाकून धावली आणि तिला दंडाला धरून घरी घेऊन गेली. शेवटी कुणीतरी चिठ्ठ्या टाकायची तोड काढली. सगळ्यांना ती पसंत पडली. मास्तरांनी कागद फाडला, पेन काढलं, पहिलं नाव कुणाचं लिहू म्हणून विचारलं, आणि मग एकेकाला घरी दूध उतू जात असल्याची आठवण झाली.

काठावर उरला बागवाला. तो मघापासून सगळं बघत उभा होता.

"मी करतो सही काका," तो म्हणाला. "मला तुमचं पाणी लागत नाही. माझी विहीर आहेच."

लांब गेलेली माणसं थबकली. कुणीतरी म्हणालंसुद्धा, "झालं की मग! सुंठीवाचून खोकला गेला."

"गेला की वाढला?" एकांडा कडाडला. "चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या द्यायच्या? मी मेल्यावर उद्या कोर्टात उभा राहून म्हणशील, म्हातारा भ्रमिष्ट झाला होता, सही करताना स्वतःला ओळखत नव्हता!"

"म्हणेन की नाही, ते तेव्हाचं तेव्हा," बागवाला हसत म्हणाला. 'म्हणणार नाही' असं मात्र तो म्हणाला नाही. खोटं बोलायची सवयच नव्हती ना त्याला.

त्यानंतर उन्हाचा असा तडाखा सुरू झाला की ढेकळं हातात घेतली तर चटका बसावा. शेतातली उभी मिरची माना टाकून पडली. वारा सुटायचा तो धूळ घेऊन. एकांडा दुपारभर वांग्यांच्या वाफ्यात वाकून होता, तो तिथंच भोवळ येऊन पडला. उठून सरपटत घरात आला आणि तापानं फणफणला.

आणि आता गंमत बघा. बाहेर काठावर दिवसभर पोहरे आपटत होते, बायका बोलत होत्या, पोरं किंचाळत होती, आणि आत म्हातारा घोटभर पाण्यासाठी घसा फाडत होता. ऐकू येत नव्हतं असं नाही. पण आत गेलं की म्हातारा सहीचं विचारणार. पूर्वी लोक त्याच्या शिव्यांना भिऊन उंबरा चढत नव्हते, आता सहीला भिऊन चढेनात. एकांडा छताकडे बघत पडून राहिला. मरणाची त्याला कधी भीती वाटली नव्हती. पण आज मेलो तर उद्या फाटक, एवढंच त्याच्या डोक्यात घण घालत होतं, आणि रडू येत होतं. रडला तो. बघायला कुणी नव्हतं म्हणून नीट रडला.

दार ढकलून आत आली ती शिवणवाली.

शिवणवाली गावच्या टोकाला राहायची. नवरा गेल्यावर पदरात राहिली ती एक शिलाई मशीन आणि अंथरुणाला खिळलेली सासू. सासूचं सगळं जागच्या जागी. तिचे कपडे, तिच्या चादरी, तिचं अंग, सगळं रोज धुवायचं, त्यामुळं गावात सगळ्यात जास्त पाणी हिला लागायचं आणि सगळ्यात जास्त शिव्याही हीच खायची. "विहीर घरी घेऊन जा एकदाची!" असं एकांडा तिला रोज ओरडायचा.

तिनं आधी त्याला पाणी पाजलं. मग पातेल्यातून आणलेली पातळ पेज चमच्यानं भरवली. सासूला भरवून तिचा हात बसलेला होता, त्यामुळं एक थेंब सांडला नाही.

"सही कशी असते ती?" मधेच तिनं विचारलं. "नुसतं नाव लिहायचं, का आणखी काही?"

एकांडा तोंड फिरवून म्हणाला, "तू त्यात पडू नको."

"का?"

"का म्हणजे? म्हातारी आहे घरात. तुला पाणी लागतं तेवढं गावातल्या म्हशींना लागत नाही."

"म्हणूनच म्हणते," तिनं चमचा पुढं केला. "फाटक लागलं तर सगळ्यात आधी मी मरणार. बाकीचे गाडीवरून आणतील, टँकर मागवतील, पोरं पाठवतील नदीच्या पलीकडं. मला म्हातारीला सोडून कोसभर जाता येत नाही. सही केली तर निदान पाणी गावात तरी राहील. आणि शेजारणी काय परक्या आहेत? त्यांच्या पोरांचे कपडे मी शिवते. एकीनं एक, दुसरीनं एक, अशा चार कळश्या ओतल्या तरी माझं भागलं. त्याला काही कागद लागत नाही काका."

एकांड्यानं नाही म्हणायला पाहिजे होतं. तसं त्याच्या ओठावर आलंही होतं. पण तापातून उठेन की नाही याची खात्री नव्हती, आणि डोळे मिटले की तो टेप सर्रकन गुंडाळला जाताना दिसायचा. तो काहीच बोलला नाही. न बोलणं म्हणजे हो, हे तिलाही कळलं.

ताप उतरल्यावर दोघं तालुक्याला गेली. वकिलानं मृत्युपत्र मोठ्यानं वाचून दाखवलं. गावातल्या सर्व घरांना पिढ्यान्‌पिढ्या पाणी भरण्याचा हक्क, साक्षीदार बाईंचं एक घर वगळून. मग तो तिच्याकडे वळला. "बाई, समजून सही करताय ना?"

"समजून," ती म्हणाली आणि बोर्डावर गणित लिहावं तशी जपून सही केली. त्याखाली कारकुनानं केली.

"आता एक सांगा साहेब," एकांडा म्हणाला. "विहीर नाही तर नाही. माझं खोपट हिला देता येईल? खोपट नको, भांडी? कोपऱ्यातली पेटी?"

"काहीच नाही. साक्षीदाराला एक चमचासुद्धा नाही. एवढ्याशा फटीतून सगळा कागद मोडायचा प्रयत्न करतील."

"आणि आज, मी जिवंत असताना, ती पाणी भरते ते?"

"जिवंतपणी तुमची विहीर, तुमची मर्जी. त्याला कोण काय म्हणणार?" वकिलानं कागद लोखंडी कपाटात ठेवला आणि किल्ली फिरवली.

बसमध्ये एकांडा खिडकीशी बसला होता. इतकी वर्षं त्याला कुणी नव्हतं आणि त्याचं काही अडलंही नव्हतं. म्हातारपणी एक माणूस मिळालं, आपण होऊन चालत घरात आलं, चमच्यानं पेज पाजून गेलं, आणि जगात ज्याला आपण काही म्हणजे काही देऊ शकत नाही असं तेवढं एकच माणूस ते. त्याला फार वाईट वाटलं. बोलता त्याला कधीच आलं नव्हतं, म्हणून त्यानं तिला एक शिवी दिली. तिला ती समजली असावी, कारण ती हसली.

संध्याकाळी विहिरीवर बागवाला आला. सगळ्यांसमोर त्यानं एकांड्याचं अभिनंदन केलं. मग बायकांकडे वळून गोड आवाजात म्हणाला, "चांगलं झालं. पक्का कागद झाला म्हणे. आता साक्षीदार बाई पाणी भरते की काय, तेवढं माझा गडी इथं बसून बघेल. कोर्टात सांगायला तेवढं पुरे. ज्याला फायदा त्याची साक्ष, म्हणजे कागदच खोटा, असं म्हणता येतं. बरोबर ना काका?"

"चूक!" एकांडा ओरडला. "मी जिवंत आहे तोवर हिनं भरलं तर चालतं! वकील म्हणाला!"

पण गडी काठाजवळच्या दगडावर जाऊन बसलाच. आणि बायकांनी एकमेकींकडे बघितलं, ते एकांड्यालाही दिसलं.

सकाळी त्याला जाग आली ती शांततेनं. पोहऱ्याचा आवाज नाही, कप्पीची कुरकुर नाही. तो बाहेर आला. काठाला लागून बायका खांद्याला खांदा लावून उभ्या होत्या, आणि त्यांच्यासमोर शिवणवाली, कमरेवर कळशी घेऊन.

"काय चाललंय?"

"काही नाही काका," गिरणीवाल्याची बायको म्हणाली. तिचा आवाज नरम होता, पण पाय हलत नव्हते. "आम्ही हिला समजावतोय. हिनं दोराला हात लावला की कागद मोडला. मग आपण सगळ्याच तहानेनं मरायच्या. हिचंही भलं नाही आणि आमचंही नाही."

"अगं, वकिलानं सांगितलंय..."

"वकिलाचं काय जातंय? त्याला घागर भरायचीय का?"

"मग तुझ्या घागरीतलं ओत तिच्या कळशीत! तू भर, तू ओत. त्याला कोण काय म्हणतंय?"

गिरणीवाल्याच्या बायकोनं दगडावर बसलेल्या गड्याकडे बघितलं. "ओतलं असतं हो. पण मीच का? उद्या कोर्टात माझंच नाव यायचं, की हिनं साक्षीदाराला पाणी पाजलं. दुसरं कुणीतरी ओता की."

दुसरं कुणीतरी खाली बघत होतं. तिसरीनं हळूच शिवणवालीचा हात धरला आणि म्हणाली, "रागावू नकोस गं बाई. तुझे उपकार आम्ही सात जन्म विसरणार नाही. पण इथं येत जाऊ नकोस."

शिवणवाली एकेकीच्या तोंडाकडे बघत होती. त्यातल्या कितीतरी जणींच्या पोरांच्या अंगात तिच्याच हातचे सदरे होते.

एकांड्याच्या तोंडून शिव्यांचा पाट वाहू लागला. आयुष्यभर साठवलेल्या सगळ्या त्यानं एका दमात ओतल्या. बायकांनी माना खाली घालून ऐकून घेतल्या. त्या शिव्या त्यांना लागतही होत्या, पण त्या बाजूला सरल्या नाहीत. याहून जास्त पहारा कोणत्या तिजोरीला मिळाला असेल? कागद कुणी मोडू नये म्हणून एकांडा रात्र रात्र तळमळला होता. आता अख्खं गाव त्याचा कागद राखत होतं, आणि ते कुणापासून, तर हिच्यापासून.

त्याचा दम संपला. मग तो साध्या आवाजात म्हणाला, "बरं. मी नवा कागद करतो. हिचं नाव साक्षीतून काढतो आणि हिला पाणी देतो. हिची जागा कोण घेतं? एकच घर लागतं. कोण?"

कप्पी वाऱ्यानं हलून एकदा कुरकुरली. गड्यानं जांभई दिली.

"हातापाया पडू का तुमच्या?" एकांडा म्हणाला. त्यानं आयुष्यात कुणाला असं विचारलं नव्हतं. "पडतो. सांगा, कुणाच्या पडू?"

"असं नका करू हो काका," कुणीतरी रडवेल्या आवाजात म्हणालं, आणि तेवढंच.

एकांडा पुढं झाला. बायकांनी त्याला वाट दिली. त्याची विहीर, त्याला कोण अडवणार? त्यानं पोहरा सोडला. दोर ओढायला लागला तर तापानं खंगलेले हात लटपटू लागले. पोहरा अर्ध्यावर आला आणि थांबला. जवळ उभ्या असलेल्या एका पोरसवदा सुनेचा हात आपोआप दोराकडे गेला, आणि तिच्या सासूनं तो मागं ओढला. एकांड्यानं दोर कमरेला आवळला, काठाला पाय रोवला आणि दोन पावलं मागं चालत पोहरा वर आणला. शिवणवालीची कळशी स्वतः भरली. ती उचलायला वाकली तर तिच्यावर खेकसला, "ठेव खाली! तू हात लावायचा नाही. बघतोय ना तो टोणगा!"

कळशी खांद्यावर घेऊन तो निघाला. ती मागून रिकाम्या हातानं. गावच्या टोकापर्यंतची वाट त्या दिवशी त्याला संपता संपेना. दोनदा कळशी उतरवावी लागली. पाणी अंगावर सांडत होतं, धोतर भिजून पायाला चिकटत होतं, आणि सांडणाऱ्या पाण्यासाठी शिवी द्यायला त्याच्यात त्राण नव्हतं.

तिच्या घरात मशीन, मशीनवर अर्धवट शिवलेला एक लहानसा सदरा आणि भिंतीशी खाट. खाटेवरच्या म्हातारीनं विचारलं, "कोण आलंय गं?"

"पाणी आलंय आत्या," शिवणवाली म्हणाली.

एकांड्यानं कळशी हंड्यात ओतली. हंड्याचा तळ कसाबसा झाकला. दोघंही तिकडे बघत उभी राहिली.

"काका," ती हलकेच म्हणाली, "असं किती दिवस आणणार?"

"मरेपर्यंत."

"आणि मग?"

माणूस मृत्युपत्र करतो ते मागची काळजी मिटावी आणि सुखानं मरता यावं म्हणून. एकांड्यानं केलं आणि त्याची मरायचीच सोय गेली. हे त्याला त्या क्षणी इतकं लख्ख कळलं, की तो भिंतीला टेकून मटकन खाली बसला. दम लागला होता, छातीत कळ येत होती, हाताच्या तळव्यांची सालं निघाली होती. तिनं तांब्या पुढं केला. त्यानं तो हातानं सारला.

"ते हंड्यात ओत," तो म्हणाला. "मग मरायचं नाही. दुसरं काय करणार?"

खाटेवरून म्हातारीचं कण्हणं ऐकू आलं.

"अजून किती लागतं?"

"चादर धुवायचीय तिची," ती म्हणाली. "तीन तरी."

एकांडा भिंतीला धरून उठला आणि त्यानं रिकामी कळशी उचलली.